शब्दांची विचारपूस : इंग्रजीतलं रिकामपण

गेल्या अंकात 'एम्प्टी' आणि 'एम्प्टिनेस' या शब्दांवरचे प्रश्न मागवले होते. पत्रं लिहिणाऱ्यांत इंग्रजीच्या विद्यार्थ्यांपेक्षा रुग्ण, घरमालक आणि हिशेब ठेवणारे जास्त निघाले. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मराठीत रिकामा, रिता, मोकळा, पोकळ, कोरा, रिक्त, ओसाड असे कितीतरी शब्द आहेत. इंग्रजीत सगळीकडे 'एम्प्टी' वापरलं तर चालतं का? (विद्यार्थी, सांगली)

चालत नाही. इंग्रजीत शब्द निवडताना एकच विचारायचं : नेमकं काय नाही? डब्यात लाडू नाहीत, तर डबा 'एम्प्टी'. खोलीला भाडेकरू नाही किंवा पदावर माणूस नाही, तर 'व्हेकंट'. कागदावर अक्षर नाही, तर 'ब्लँक'. पायात चप्पल नाही, भिंतीवर काही टांगलेलं नाही, झाडाला पान नाही, तर 'बेअर'. आतला गाभाच नाही, तर 'हॉलो'. हवासुद्धा नाही, तर 'व्हॅक्यूम'. कराराला कायद्याचं बळ नाही, तर 'व्हॉइड'.

यातली सर्वांत जास्त चूक 'एम्प्टी' आणि 'हॉलो' यांत होते. डबा एम्प्टी असतो, कारण तो भरायचा असतो आणि उद्या भरेलही. बासरी किंवा बांबू हॉलो असतो. त्याच्या आत काही भरायचं राहून गेलेलं नसतं, त्याची घडणच तशी असते. बांधकामाच्या दुकानातला 'हॉलो ब्लॉक' आठवा. त्याला कुणी 'एम्प्टी ब्लॉक' म्हणत नाही. म्हणून भरता येण्याजोगी वस्तू असेल तर एम्प्टी, वरून टणक आणि आतून पोकळ असेल तर हॉलो. पोकळ आश्वासनाला 'एम्प्टी प्रॉमिस' आणि 'हॉलो प्रॉमिस' दोन्ही म्हणतात, पण छटा वेगळी आहे. पहिल्यात आश्वासनामागे काही नाही, दुसऱ्यात ते वरून भरीव दिसत होतं. जिंकूनही हाती काही लागलं नाही तर ती 'हॉलो व्हिक्टरी'. उसनं हसू 'हॉलो लाफ', आणि आजाऱ्याचे बसलेले गाल 'हॉलो चीक्स'.

'कोरा'च्या बाबतीत जरा जपून. कोरा कागद 'ब्लँक' खरा, पण कोरा चहा म्हणजे बिनदुधाचा, तो 'ब्लॅक टी'. कोरं लुगडं म्हणजे न धुतलेलं, नवं. तिथे ब्लँक लावलंत तर वाचणारा साडीवर छपाई शोधत बसेल. 'ब्लँक' मुळात फ्रेंचमधल्या पांढऱ्या रंगाच्या शब्दावरून आला आहे, म्हणून त्याची ओढ कागदाकडे. त्यावरूनच 'ब्लँक लुक' : समोरच्याला तुमचं बोलणं कळलेलंच नाही. 'व्हेकंट लुक' निराळा, त्यात नजर तुमच्यावर असली तरी लक्ष तिथे नसतं.

प्रश्न : 'आज मी रिकामा आहे' याचं 'आय अ‍ॅम एम्प्टी टुडे' असं भाषांतर केल्यावर वर्गात हशा पिकला. का? (इंग्रजी माध्यमाचा पालक, नाशिक)

कारण त्या वाक्याचा आजचा अर्थ 'आज मला आतून रितं रितं वाटतंय' असा होतो. बरोबर वाक्य 'आय अ‍ॅम फ्री टुडे'. 'व्हेकंट'ही चालणार नाही. माणसाला व्हेकंट म्हटलं की चेहऱ्यावर काही भाव नाही असं होतं.

पण हसणाऱ्यांना एवढं सांगा : हजार वर्षांपूर्वी ते वाक्य बरोबर ठरलं असतं. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'अ‍ॅमेटिग' असा होता. तो फुरसत या अर्थाच्या 'अ‍ॅमेटा'वरून बनला. त्याचा अर्थ फुरसतीत असलेला, काम नसलेला, लग्न न झालेलासुद्धा. भांडं रिकामं हा अर्थही जुनाच, पण माणसाची फुरसत मागे पडली आणि भांडं राहिलं. मधला 'प' तर नंतर घुसला. 'म'नंतर लगेच 'ट' उच्चारताना ओठ मिटलेले असतात, त्यातून तो आपोआप उमटतो. मराठीने मात्र दोन्ही अर्थ आजही एकाच शब्दात ठेवले आहेत, म्हणून तर रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो.

फुरसत आणि रिकामपण यांची हीच जोडी लॅटिनमधेही दिसते. 'व्हाकारे' म्हणजे रिकामं किंवा मोकळं असणं. त्यावरून व्हेकंट, व्हेकन्सी, व्हॅक्यूम, 'घर रिकामं करा' मधलं व्हेकेट आणि सुट्टीचं व्हेकेशन. उच्च न्यायालयाच्या 'व्हेकेशन बेंच'मधलं व्हेकेशन तेच. व्हॅक्यूम लिहिताना 'सी' एकदाच आणि पुढे 'यू' दोनदा. बहुतेकजण 'सी' दोनदा लिहितात.

प्रश्न : एमआरआयच्या अहवालात 'पार्शियली एम्प्टी सेला' असं आहे. मेंदूचा काही भाग रिकामा झाला आहे का? (वाचक, कोल्हापूर)

नाही. या महिन्यात अशीच आणखी चार पत्रं आली, म्हणून वैद्यकीय अहवालांतले सगळेच रिकामे शब्द इथे एकत्र घेतो.

कवटीच्या तळाशी खोगिराच्या आकाराची हाडाची खोबण असते, तिला सेला टर्सिका म्हणतात. त्यात पिट्यूटरी ग्रंथी बसते. कधी मेंदूभोवतीचं पाणी या खोबणीत उतरतं आणि ग्रंथी तळाशी चपटी होते. चित्रात ग्रंथी दिसायची त्या जागी पाणी दिसतं, म्हणून त्याला 'एम्प्टी' म्हणायचा प्रघात पडला. खरं तर जागा भरलेलीच असते. इथे 'काय नाही' याचं उत्तर आहे 'ग्रंथी नेहमीच्या आकारात नाही'. बऱ्याच जणांत हे दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतं आणि त्याला उपचार लागत नाही. पण सतत डोकेदुखी, नजर अंधूक होणं, पाळीची किंवा इतर संप्रेरकांची तक्रार असेल, तर डॉक्टर डोळ्यांची आणि रक्ताची तपासणी सांगतात. डोक्यातला दाब वाढला असतानाही असं चित्र दिसू शकतं. तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना अहवाल दाखवा, आणि शब्दाला घाबरू नका.

'फ्लो व्हॉइड्स आर नॉर्मल' हे वाक्य तर आनंदाचं आहे. रक्तवाहिनीत रक्त जोरात वाहत असेल तर एमआरआयच्या नेहमीच्या चित्रांत तिथून संकेत येत नाही, वाहिनी काळी दिसते. त्या काळ्या रेघेला फ्लो व्हॉइड म्हणतात. ती दिसते म्हणजे रक्त वाहतं आहे.

कण्याच्या एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमधे 'व्हॅक्यूम फिनॉमेनन' लिहिलेलं असेल, तर झिजलेल्या चकतीत वायू, मुख्यतः नायट्रोजन, साठला आहे इतकाच अर्थ. नाव निर्वाताचं, आत मात्र वायू. वैद्यकातल्या रिकाम्या शब्दांवर असं विसंबायचं नसतं.

'पोस्ट व्हॉइड रेसिड्युअल' हा ओटीपोटाच्या सोनोग्राफीतला शब्द. इथे 'व्हॉइड' म्हणजे लघवी करणं. पूर्ण भरलेल्या मूत्राशयाचं माप घेतात, मग लघवीला पाठवतात, आणि लगेच काही मिनिटांत उरलेल्या लघवीचं माप घेतात. साधारण 50 मिलिलिटरच्या आत उरली तर मूत्राशय नीट रिकामं होतं असं मानतात. 200 च्या वर गेली तर होत नाही असं धरतात. आकडा चुकीचा मोठा येण्याचं एक नेहमीचं कारण : रांगेत बसून रुग्णाने बाटल्यांवर बाटल्या पाणी प्यालेलं असतं, आणि अति ताणलेलं मूत्राशय एका खेपेत रिकामं होत नाही. दुसरं कारण, लघवी करून आल्यावर पुन्हा अर्धा तास थांबावं लागणं. आकडा अनपेक्षित आला तर पुन्हा एकदा जाऊन येण्याची मुभा मागा, ती मिळते.

प्रश्न : औषधावर 'ऑन अ‍ॅन एम्प्टी स्टमक' आणि रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर 'फास्टिंग'. दोन्ही अनशापोटीच ना? (गृहिणी, ठाणे)

मराठीत दोन्हीला अनशापोटी म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. औषधाच्या बाबतीत एम्प्टी स्टमक म्हणजे साधारणपणे जेवणाआधी 1 तास किंवा जेवणानंतर 2 तास. ते दुपारीही साधतं, सकाळच हवी असं नाही. थायरॉइडची गोळी मात्र बहुतेकांना सकाळी, नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी सांगतात, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून 4 तास लांब ठेवतात. साखरेच्या तपासणीतलं फास्टिंग म्हणजे किमान 8 तास काही न खाणं. त्यात साधं पाणी चालतं. चहा चालत नाही, आणि बिनसाखरेचा चहा म्हणजे पाणी नव्हे.

प्रश्न : करारात 'व्हॉइड' आणि 'व्हॉइडेबल' यांत फरक काय? (फ्लॅट खरेदीदार, पुणे)

दोन अक्षरांनी बाजू उलटते. भारतीय करार कायदा 1872 चा. त्यानुसार कायद्याने अंमलात आणता येत नाही तो करार 'व्हॉइड', म्हणजे रद्दबातल. एका पक्षाला वाटलं तर रद्द करता येतो, पण दुसऱ्याला नाही, तो 'व्हॉइडेबल'.

सतरा वर्षांच्या मुलाने विक्रीच्या करारावर सही केली, तर तो व्हॉइड. कुणी रद्द करायची गरजच नाही, तो कधी जन्मलाच नव्हता. ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 मधे मोहोरी बीबी खटल्यात हे पक्कं केलं. उलट, विकणाऱ्याने गहाणाची गोष्ट लपवून तुमची सही घेतली, तर करार व्हॉइडेबल. फसवला गेलेला म्हणून तो मोडायचा की चालू ठेवायचा हे तुम्ही ठरवायचं. तुम्ही मोडत नाही तोवर तो जिवंत आहे. इथेच लोक फसतात. फसवणूक कळल्यावरही हप्ते भरत राहिले, ताबा घेतला, रंगकाम काढलं, तर तुम्ही करार मान्य केला असा अर्थ निघतो आणि मोडायचा हक्क हातचा जातो. कळलं की लेखी कळवा आणि वकिलाला गाठा.

हिंदू विवाह कायदा 1955 मधेही हाच फरक आहे. कलम 11 मुळातच रद्द असलेल्या लग्नांचं, उदाहरणार्थ पहिली पत्नी किंवा पती हयात आणि विवाह कायम असताना केलेलं दुसरं लग्न. कलम 12 रद्द करता येण्याजोग्या लग्नांचं. फसवून लग्न लावलं असेल तर फसवणूक कळल्यापासून 1 वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

खरेदीखतातलं 'व्हेकंट पझेशन' हे आणखी वेगळं. घर भाडेकरूविना, कब्जेदाराविना आणि जुन्या सामानाविना हाती मिळणं असा त्याचा अर्थ. नुसतं 'एम्प्टी फ्लॅट' लिहून तो साधत नाही, कारण घरातली माणसं बाजारात गेली तरी फ्लॅट तेवढ्यापुरता एम्प्टीच असतो. ताबा घेताना माळा आणि गच्चीवरची टाकीसुद्धा बघा.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे. घराच्या विम्यात 'व्हेकंट' आणि 'अनऑक्युपाइड' असे दोन शब्द आहेत. भारतात आला की घर रिकामंच ना? (वाचक, सोलापूर)

रिकामं, पण विम्याच्या भाषेत बहुधा 'अनऑक्युपाइड'. फर्निचर, कपडे, भांडी जागेवर आहेत आणि माणसं परत येणार आहेत. माणसंही नाहीत आणि सामानही नाही, ते 'व्हेकंट'. अमेरिकेतल्या अनेक पॉलिसींत घर सलग 30 किंवा 60 दिवस व्हेकंट राहिलं की तोडफोडीची भरपाई मिळत नाही. दिवस किती ते त्याच्या पॉलिसीत बघावं लागेल. घर विकायला काढून सामान आधी हलवलं, तर त्या दिवसापासून मोजणी सुरू होऊ शकते. हिवाळ्यात नळ गोठून फुटले तर नुसत्या 'अनऑक्युपाइड' घरालाही अडचण येते. म्हणून निघताना हीटर किमान तापमानावर चालू ठेवायचा, नाहीतर पाणी बंद करून नळ कोरडे करायचे.

तिथला आणखी एक शब्द आपल्या लोकांना अडवतो. पगार बँकेत जमा करण्यासाठी तिथलं कार्यालय 'व्हॉइड चेक' मागतं. तो म्हणजे आपला 'कॅन्सल्ड चेक'. कोऱ्या चेकवर ठळक अक्षरांत 'व्हॉइड' लिहायचं, खालचे आकडे झाकले जाऊ द्यायचे नाहीत, आणि सही करायची नाही. हा 'ब्लँक चेक' नव्हे. ब्लँक चेकवर सही असते आणि रक्कम नसते, तो कुणालाही द्यायचा नसतो.

प्रश्न : एक्सेलमधे गैरहजर विद्यार्थ्याच्या चौकटीत शून्य घालू की कोरी ठेवू? (शिक्षिका, जालना)

कोरी ठेवा. तीन विद्यार्थ्यांत 60, 80 आणि कोरी चौकट असेल तर अ‍ॅव्हरेज 70 येते, कारण कोरी चौकट मोजलीच जात नाही. तिथे शून्य लिहिलंत तर 46.67. शून्य ही संख्या आहे, कोरं ही अनुपस्थिती.

गडबड होते ती तिसऱ्या प्रकारात. सूत्र कोरं उत्तर देतं, चौकट कोरी दिसते, पण आत सूत्र बसलेलं असतं. तिला 'इझब्लँक' विचारलं तर उत्तर 'फॉल्स', 'काउंटब्लँक' मात्र तिला कोऱ्यांत मोजतं, आणि 'काउंटए' भरलेल्यांत. म्हणजे एकच चौकट दोन्हीकडे गणली जाते आणि बेरीज जुळत नाही. कुणी चुकून स्पेसबार दाबला असेल तर तीही कोरी दिसते. उपाय : चौकटीतल्या मजकुराला आधी 'ट्रिम' लावायचं, मग 'लेन'ने लांबी मोजायची आणि ती शून्य आहे का बघायचं.

गणितातही हाच सापळा. आपल्या पुस्तकांतला रिक्त संच म्हणजे 'एम्प्टी सेट'. ज्या संचात फक्त शून्य आहे तो रिक्त नाही, त्यात एक घटक आहे. शाळेत 'नल सेट' हे एम्प्टी सेटचंच दुसरं नाव म्हणून शिकवतात. पुढे मापन सिद्धांतात मात्र नल सेट म्हणजे ज्याचं माप शून्य तो संच. रेषेवरचा एकच बिंदू घ्या : नल आहे, एम्प्टी नाही.

प्रश्न : बौद्ध 'शून्यता'साठी 'एम्प्टिनेस' बरोबर की 'व्हॉइड'? (अभ्यासक, नागपूर)

'एम्प्टिनेस'. 'व्हॉइड' म्हटलं की इंग्रजी वाचकापुढे अथांग खड्डा येतो, जिथे काहीच नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं म्हणणं तसं नाही. जे जे कारणांवर अवलंबून उपजतं त्यालाच तो शून्यता म्हणतो. वस्तू आहेत, पण त्यांना स्वतःच्या बळावर उभा असलेला स्वभाव नाही. 'एम्प्टी'ला व्याकरणाचा एक गुण इथे कामी येतो : त्याला 'ऑफ' जोडता येतं. एम्प्टी ऑफ काय? ज्यात असा स्वभाव नाही ते रिकामं. पुन्हा तोच प्रश्न, काय नाही. रशियन पंडित श्चेर्बात्स्की यांनी शून्यतेसाठी 'रिलेटिव्हिटी' वापरलं. अर्थाच्या जवळ असूनही ते मागे पडलं. आमच्या मते बरं झालं, कारण त्यात 'शून्य' ऐकूच येत नाही.

संस्कृत व्युत्पत्तीत 'शून्य' हा 'फुगणे' या अर्थाच्या श्वि धातूशी जोडतात. फुगलेलं म्हणून आतून पोकळ. अंकगणितासोबत या शब्दाचं अरबीत 'सिफ्र' (रिकामं) असं भाषांतर झालं, त्यावरून लॅटिनमधे 'झेफिरम', इटालियनमधे 'झीरो'. इंग्रजीतला 'सायफर'ही त्याच सिफ्रचा.

प्रश्न : श्रद्धांजलीत 'कधीही न भरून येणारी पोकळी' इंग्रजीत कशी लिहावी? (स्मरणिकेचे संपादक, मुंबई)

'लेफ्ट अ व्हॉइड' हा रूढ प्रयोग. 'व्हॅक्यूम' सत्तेच्या किंवा नेतृत्वाच्या पोकळीसाठी राखून ठेवा. 'व्हेकन्सी' चुकूनही नको, त्याचा अर्थ जागा रिकामी झाली, अर्ज मागवा असा होतो. खरं विचाराल तर हे वाक्यच गाळा. गेलेल्या माणसाने केलेलं एक नेमकं काम लिहा.

प्रश्न : 'घर ओकंबोकं वाटतं' आणि 'सुनं सुनं वाटतं', दोन्हीला 'एम्प्टी'? (अनुवादक, पणजी)

ओकंबोकं हे डोळ्यांना जाणवतं : दागिन्यांवाचून गळा, पडद्यांवाचून खिडकी. तिथे 'बेअर' जवळचं. सुनं सुनं हे माणूस नसल्याचं, तिथे 'द हाउस फेल्ट एम्प्टी विदाउट हर' असं नाव जोडून लिहा. नुसतं 'एम्प्टी' फर्निचर नसल्याचंही वाटू शकतं. मनाच्या रितेपणाला 'अ‍ॅन एम्प्टिनेस' असं एकवचनी उपपद लावून म्हणता येतं, अनेकवचन टाळा. 'लोनलिनेस'शी त्याची गल्लत करू नका. एकटेपणाला सोबत हवी असते. रितेपण भरल्या घरातही येतं.

प्रश्न : 'द गोदावरी एम्प्टीज इंटू द बे ऑफ बेंगॉल' हे वाक्य बरोबर आहे का? नदी रिकामी कशी होईल? (विद्यार्थिनी, नांदेड)

बरोबर आहे. इथे 'एम्प्टी' हे क्रियापद आहे, अर्थ 'जाऊन मिळते'. पाणी आटण्याशी त्याचा संबंध नाही.